यमक, चित्र आणि वर्ग : बालपद्याच्या अध्यापनाचा एक दुर्लक्षित इतिहास

मराठी समीक्षेत 'यमक' हा शब्द बहुधा तक्रारीच्या सुरात येतो. वामनपंडिताला परंपरेने 'यमक्या वामन' म्हटले ते कौतुकाने की उपहासाने, हे आजही निश्चित सांगता येत नाही. पण केशवसुतांपासून पुढे जो काव्यविचार रूढ होत गेला त्यात यमकाची पत उतरत गेली, हे निश्चित सांगता येते. मर्ढेकर स्वतः ओवी-अभंगाच्या यमकांत मुरलेले कवी. तरी त्यांच्यानंतरच्या समीक्षेने यमक हा रचनेचा अवयव न मानता अलंकरणाचा भाग मानला आणि 'नुसती यमके जुळविणे' हा कवीवर करावयाचा सर्वांत सोपा आरोप होऊन बसला. या व्यवहारात एक वाचक मात्र पूर्णपणे दृष्टिआड झाला. यमकाशी ज्याचे नाते अजून अगदी थेट असते, यमक चुकले तर जो कवीला तिथल्या तिथे अडवितो, तो चार-पाच वर्षांचा वाचक. (त्याला 'वाचक' म्हणावे की नाही, हाच पुढील विवेचनाचा प्रश्न आहे.)

बालसाहित्याच्या आपल्या इतिहासांत कवी, संग्रह आणि प्रकाशनवर्षे यांच्या याद्या असतात. त्या उपयुक्तही असतात. परंतु चित्र आणि यमक यांनी बांधलेले पुस्तक वर्गात उघडले गेले तेव्हा नेमके काय घडत होते, शिक्षकाने यमकाकडून कोणते काम करवून घेतले, हा प्रश्न या याद्यांत बसत नाही. माझे म्हणणे असे की, यमकबद्ध चित्रपुस्तक ही नुसती संहिता नाही. ते एका व्यवहारासाठी घडविलेले साधन आहे, आणि त्याचा इतिहास म्हणजे यमकाला वेळोवेळी नेमून दिलेल्या कामांचा इतिहास होय. त्या इतिहासाचा मोठा भाग इंग्रजीत घडला. आज आपल्याकडे बालवाडीपासून अध्यापक विद्यालयापर्यंत जे सिद्धान्त सांगितले जातात तेही तिथूनच आलेले असल्याने, आधी तिकडे जाणे भाग आहे.

कोमेनियसचे सचित्र जग, 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस', न्यूरेम्बर्ग येथे १६५८ साली छापले गेले. लॅटिन आणि जर्मन मजकूर, आणि प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर क्रमांक घातलेले चित्र, अशी त्याची मांडणी. यमक त्यात नाही. परंतु आरंभी प्राण्यांच्या आवाजांची एक वर्णमाला आहे : चित्रात प्राणी, शेजारी त्याचा आवाज, त्यापुढे त्या आवाजाचे अक्षर. चित्राने कानाला हाक द्यावी आणि कानाने अक्षराला, ही साखळी येथे प्रथम स्पष्टपणे दिसते. पुढील तीन शतकांची भांडणे या साखळीतील दुव्यांच्या क्रमावरून झाली, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

या साखळीत यमक जोडले ते अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड प्रायमर'ने. सतराव्या शतकाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये बेंजामिन हॅरिसने काढलेल्या या पुस्तकाची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी प्रत १७२७ची आहे. प्रत्येक अक्षरासाठी एक ओबडधोबड लाकडी ठशाचे चित्र आणि शेजारी यमकबद्ध छोटी रचना, अशी त्याची योजना. पहिल्याच अक्षराला आदमचे पतन आहे. यमकाचे काम येथे स्वच्छ आहे : धर्मतत्त्व आणि अक्षर यांना एकाच गाठीत बांधून मुलाच्या स्मरणात टाकणे. गाठ किती पक्की असे याचा एक पुरावा मजेशीर आहे. 'के' या अक्षराखालील ओळी राजाची स्तुती करणाऱ्या होत्या. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर त्या बदलाव्या लागल्या. राजा गेला, अक्षर राहिले, म्हणून नवे यमक शोधावे लागले. पाठ्यपुस्तक मंडळांचा कारभार ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना यात काही अपरिचित वाटणार नाही.

१७४४ साली लंडनमध्ये दोन छोटी पुस्तके निघाली. जॉन न्यूबरीच्या 'अ लिट्ल प्रिटी पॉकेट-बुक'ने अक्षराला खेळाशी जोडले, तरी पद्याच्या शेवटी तात्पर्य ठेवलेच. दुसरे 'टॉमी थम्ब्ज प्रिटी साँग बुक', मेरी कूपरने विकलेले. त्यात तात्पर्य नाही. आयांच्या आणि दायांच्या तोंडची गाणी, तशीच, चित्रांसह. त्याचा केवळ दुसरा भाग शिल्लक राहिला आहे. वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने ही दोन पुस्तके म्हणजे दोन वंश आहेत : एक पद्याला वर्गात आणतो, दुसरा पद्याला वर्गापासून वाचवितो. १८४५ साली फ्रँकफर्टचा डॉक्टर हाइनरिश होफमान याने तीन वर्षांच्या मुलासाठी नाताळच्या भेटीदाखल केलेली वही 'श्ट्रुवेलपेटर' म्हणून छापली. दुकानातली पुस्तके कंटाळवाणी वाटली म्हणून त्याने स्वतःच लिहिले आणि स्वतःच रेखाटले. पुढच्याच वर्षी एडवर्ड लिअरचा 'अ बुक ऑफ नॉन्सेन्स' आला. आणि १८६५ मध्ये लुईस कॅरलच्या ॲलिसला शाळेत पाठ केलेल्या उपदेशपर कविता म्हणावयास गेले की भलतेच शब्द तोंडात येऊ लागले. यमक आणि मात्रा शाबूत, तात्पर्य मात्र पार उलटे! पाठांतराच्या शिक्षणपद्धतीवर याहून मार्मिक टीका शिक्षणशास्त्राच्या एखाद्या ग्रंथात मला तरी आढळलेली नाही. पद्याचा सांगाडा मुलाच्या मनात अर्थाच्या कितीतरी खाली रुतलेला असतो आणि अर्थ बदलला तरी तो हलत नाही, हे कॅरलला कळले होते.

विसाव्या शतकात या कथेला निर्णायक वळण मिळाले, आणि ते कवींमुळे मिळालेले नाही. १९३०पासून अमेरिकेतील शाळांत 'डिक आणि जेन' या बहीणभावंडांची वाचनमाला रूढ झाली. ओळखीचे मोजके शब्द, त्यांची पुनःपुन्हा आवृत्ती, शब्द अखंड चित्रासारखा ओळखावयाचा, ही तिची पद्धती. चित्रे नीटनेटकी, घर सुखवस्तू, कुत्रा गुणी. १९५४च्या मे महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकात कादंबरीकार जॉन हर्सी यांनी लेख लिहून, मुले वाचनात मागे पडतात याचे एक कारण या पुस्तकांचा निस्तेजपणा हे असल्याचे सांगितले आणि चांगल्या चित्रकारांकडून ती करून घ्यावीत असे सुचविले. पुढल्या वर्षी रूडॉल्फ फ्लेश यांचे 'व्हाय जॉनी कान्ट रीड' प्रसिद्ध झाले. त्याचा रोख चित्रांवर नव्हता, शब्द अखंड ओळखण्याच्या पद्धतीवरच होता. या दोन आक्षेपांचा फरक ध्यानात घ्यावयास हवा. हर्सींचा आक्षेप सौंदर्याचा, फ्लेश यांचा भाषिक. एकाला पुस्तक रुचकर हवे होते, दुसऱ्याला अक्षर-ध्वनी संबंध उघड करणारे.

हॉटन मिफ्लिनच्या शैक्षणिक विभागातील विल्यम स्पॉल्डिंग यांनी थिओडोर गायझेल ऊर्फ डॉ. स्यूस यांना शब्दांची मर्यादित यादी देऊन मुलांच्या हातून सुटणार नाही असे पुस्तक लिहावयास सांगितले. गायझेल यांनी सांगितलेली हकीकत अशी की, यादीत जुळणारे जे पहिले दोन शब्द सापडतील त्यांवरून पुस्तकाचे नाव ठेवावयाचे त्यांनी ठरविले. ही हकीकत ते निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळ्या प्रकारे सांगत, तेव्हा ती शब्दशः घेण्याचे कारण नाही. १९५७च्या मार्चमध्ये 'द कॅट इन द हॅट' प्रसिद्ध झाले. त्यात निरनिराळे शब्द २३६. त्यांपैकी २२१ एकाक्षरी, म्हणजे इंग्रजी अर्थाने एका उच्चारखंडाचे. १९६० साली 'ग्रीन एग्ज अँड हॅम' पन्नासच शब्दांत झाले. शाळांसाठी काढलेली 'कॅट'ची आवृत्ती दुकानांतल्या आवृत्तीच्या तुलनेने मागे पडली, हेही नोंदवावयास हवे. पुस्तक वर्गासाठी जन्मले आणि घरात वाढले.

समीक्षेच्या दृष्टीने येथे जे घडले ते असे. बंधन होते शब्दसंख्येचे; यमक हे त्या बंधनातून वाट काढण्याचे साधन ठरले. शब्द थोडे असल्याने ते पुनःपुन्हा येणारच. गद्यात ही पुनरावृत्ती कंटाळा आणते, अनपेस्टच्या धावत्या लयीत मात्र तीच अपेक्षा निर्माण करते. पहिल्या ओळीचा शेवट कानात घुमत असतो, चित्रात पुढचा गोंधळ अर्धा घडलेला दिसतो, आणि मूल पान उलटण्याआधीच शब्द उच्चारते. 'कॅट', 'हॅट', 'मॅट', 'सॅट' या शब्दांत जे ऐकू येते ते लिपीतही दिसते. शेवटची दोन अक्षरे सारखी. म्हणजे हर्सी आणि फ्लेश या दोघांच्या मागण्या एकाच युक्तीने पुऱ्या झाल्या. अर्थात ही युक्ती निवडक शब्दांपुरतीच चालते. 'ब्लू', 'शू' आणि 'टू' यांचे यमक निर्दोष आहे, पण त्यांची स्पेलिंगे तीन तऱ्हेची. 'कम' आणि 'होम' यांची शेपटे कागदावर सारखी, कानाला निराळी. इंग्रजीत यमक हे अशा लहरी लेखनव्यवस्थेतील काही टापूंपुरते वाटाड्याचे काम करते, आणि त्याची तेथील प्रतिष्ठा बरीचशी या लहरीपणातून आलेली आहे. (स्यूस यांची चित्रेही निरपराध नव्हती. वांशिक चित्रणामुळे त्यांची सहा पुस्तके २०२१ साली त्यांच्याच वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने छापणे थांबविले; १९३७चे त्यांचे पहिले बालपुस्तक त्यांत आहे.)

१९८३ साली ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने यमकाला शास्त्राची मोहोर मिळवून दिली. चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांना काही शब्द ऐकवून त्यांतील न जुळणारा शब्द ओळखावयास सांगितले गेले. ज्यांना तो चांगला ओळखता आला ती मुले पुढे वाचनात सरस ठरली, असे आढळले. चार वर्षांनंतर मोराग मॅक्लीन यांच्यासह त्याच संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांचे बडबडगीतांचे ज्ञान आणि त्यांची पुढील ध्वनिजाणीव यांचा संबंध दाखविला. तेव्हापासून 'यमकाने वाचन सुधारते' हे वाक्य प्रशिक्षणवर्गांतून मंत्रासारखे फिरू लागले.

१९८३च्या निबंधाचा उत्तरार्ध मात्र या मंत्रात हरवतो. पासष्ट मुलांच्या गटांना दोन वर्षांत चाळीस बैठकी देऊन प्रशिक्षण दिले गेले. चित्रे दाखवून शब्दांतील समान ध्वनी ओळखावयास शिकविलेला एक गट होता. दुसऱ्या गटाला तेच शिकवून त्याबरोबर प्लॅस्टिकची अक्षरेही हाताळावयास दिली होती. स्पष्ट लाभ झाला तो दुसऱ्या गटाला. यमक, चित्र आणि अक्षर ही तिन्ही एकत्र आली तेव्हा फळ ठळकपणे दिसले. केवळ कान तयार केलेल्या गटाची आघाडी तितकी खात्रीची नव्हती. पुढे १९९८ साली म्यूटर, ह्यूम, स्नोलिंग प्रभृतींनी असेही दाखविले की, आरंभीच्या वाचनाचा अंदाज शब्दाचे सुटे ध्वनी वेगळे करण्याच्या क्षमतेवरून अधिक चांगला बांधता येतो, यमक ओळखण्यावरून तितका नाही. वाद मिटलेला नाही. इंग्लंडच्या शाळाधोरणाने मात्र २००६च्या रोझ अहवालानंतर सुट्या ध्वनींची बाजू घेतली.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडील क्रम मुळातच उलटा आहे. पंतोजीच्या शाळेत मूल 'ओनामा'ने आरंभ करी, धूळपाटीवर अक्षर गिरवी आणि संध्याकाळी परवचा म्हणे. परवच्यात पाढे आणि स्तोत्रे एकाच लयीत येत. पाढ्यांना यमक असतेच असे नाही, परंतु त्यांना आवर्तन असते, आणि ते आवर्तन चुकले की गणितही चुकते! पद्य हे स्मरणाचे वाहन, ही कल्पना आपल्याकडे इतकी स्वाभाविक होती की तिचे समर्थन करण्याची गरज कोणास वाटली नाही. छापील वाचनपुस्तके आल्यानंतरही कविता पाठ करण्यासाठी आणि गद्य वाचण्यासाठी ही श्रमविभागणी टिकून राहिली. तिची खूण आजही दिसते : मराठी शिक्षक 'धडा वाचा' म्हणतो, 'कविता म्हणा' म्हणतो.

दुसरी गोष्ट अक्षरक्रमाची. 'ग गणपतीचा' या तक्त्यात चित्र शब्दाच्या आरंभाशी बांधलेले असते. शेवटाकडे ते पाहत नाही. आणि 'गमभन' हा क्रम तर वळणावर, म्हणजे डोळ्यावर आणि हातावर आधारलेला आहे. ध्वनीशी त्याला कर्तव्य नाही. तेव्हा मराठी वर्गात अक्षर डोळ्याच्या वाटेने आले, पद्य कानाच्या वाटेने आले, आणि दोघांची भेट घडवून आणण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. यमकाला आपल्या वाचनपाठात जागाच मिळाली नाही असे मी म्हणतो ते या अर्थाने.

नूतन बालशिक्षण संघाच्या (१९२६) कार्यातून या स्थितीला पहिला छेद गेला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक माँटेसरींचे अनुयायी खरे, पण लहान मुलांना कल्पित कथा देण्याविषयी माँटेसरींना जो संकोच होता तो गिजुभाईंनी मानला नाही. कथा सांगण्याचे त्यांनी शास्त्रच लिहिले आणि लोकगीतांना बालमंदिरात मानाची जागा दिली. ताराबाई १९४५ साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला गेल्या, तेव्हा प्रश्न आणखी निराळा झाला. वारली मुलांच्या अंगणात रंगीत चित्रपुस्तक कोठून आणावयाचे? शंख, बिया, पाने यांचे साधनसाहित्य झाले आणि गाण्याला चित्राऐवजी अभिनयाची जोड मिळाली. कृतिगीत या प्रकाराकडे आपण करमणूक म्हणून पाहतो. माझ्या मते ते चित्रपुस्तकाचे मराठी प्रतिरूप आहे. चित्र जे काम करते, म्हणजे शब्द उच्चारण्यापूर्वी अर्थाची चाहूल देण्याचे, ते येथे हात आणि पाय करतात. उणीव एवढीच की हातपायांतून अक्षर दिसत नाही. 'बडबडगीत' या आपल्या शब्दातच या प्रकाराविषयीची उदासीनता भरलेली आहे. तोंडाची बडबड ती, तिचा लिपीशी काय संबंध, असा त्याचा ध्वनी निघतो.

विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' आणि 'एकदा काय झाले' (दोन्ही १९६१) या संग्रहांनी मराठी बालपद्याचा पोत बदलला हे सर्वमान्य आहे. त्यांचे वेगळेपण बहुधा कल्पनेच्या विक्षिप्तपणात शोधले जाते. मला ते यमकाच्या नाट्यात अधिक जाणवते. राणीच्या बागेतील प्राणी बोलतात, हट्ट करतात, आणि त्यांच्या बोलण्याचा शेवट कोणत्या शब्दावर होईल याची मुलाला चाहूल लागते, पण जो शब्द येतो तो चाहूल पुरी करून वर एक धक्का देतो. आधीच्या उपदेशपर बालगीतात यमक हे कुंपण होते. येथे ते खोडीचे ठिकाण झाले. माधवराव पटवर्धनांच्या 'छंदोरचने'ची परिभाषा वापरावयाची तर आपले बहुतेक बालपद्य पद्मावर्तनी आहे, आठ मात्रांच्या आवर्तनात चालणारे. टाळी, झोका, उखळातले मुसळ या सर्वांना ते मानवते. आवर्तन आठ मात्रांत बंद होते तेथेच यमक पडले की मूल तो ठोका अंगाने ओळखते. करंदीकर या ठोक्याची जागा जाणतात आणि तेथे हवा तो शब्द क्षणभर रोखून धरतात. असा विराम वर्गात शिक्षकाने घेतला तर तीस मुले एका आवाजात शब्द पुरवितात, याचा अनुभव शिक्षकांनी अनेकदा घेतलेला असेल.

परंतु करंदीकरांची कविता चित्रपुस्तक म्हणून वर्गात क्वचितच पोहोचली; पोहोचली ती पाठ्यपुस्तकातील कविता म्हणून. १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि 'बालभारती'मुळे महाराष्ट्रातील सर्व थरांतील मुलांच्या हाती एकच सचित्र पुस्तक आले, ही क्रांतीच होती. त्याबरोबर एक गोष्ट ठरून गेली. कविता एका पानाची झाली. वर चित्र, खाली कडवी, त्याखाली प्रश्न. चित्रपुस्तकात पानाची उलट ही यमकाची सहकारी असते : अर्धे यमक या पानावर, अर्धे पुढच्या. एका पानात दाबलेल्या कवितेत चित्र सारे आधीच सांगून टाकते आणि यमकाला राखून ठेवण्यासारखे काही उरत नाही. आमच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांत 'बालसाहित्य' हा पर्याय असतो तेथेही आम्ही कविता अशीच, चित्र काढून टाकून, पान काढून टाकून शिकवितो. मी स्वतः अनेक वर्षे तसेच केले आहे.

सिद्धान्ताचा प्रश्न यापुढे येतो. इंग्रजीत 'कॅट'चे दोन तुकडे पडतात, आरंभीचा व्यंजनध्वनी आणि उरलेला भाग. यमक त्या उरलेल्या भागाचे. मराठीत 'काम' आणि 'दाम' घेऊ. कानाला जुळणारा भाग 'आम' आहे. लिपीत मात्र 'का' हे एक अक्षर आणि 'म' हे दुसरे. म्हणजे यमकाची सीमारेषा पहिल्या अक्षराच्या पोटातून जाते; 'का'मधील काना यमकात मोडतो, 'क' बाहेर राहतो. 'घर' आणि 'सर' यांत तर यमकाचा स्वर कागदावर दिसतच नाही, कारण तो 'घ' आणि 'स' यांत मुरलेला आहे. 'किती' आणि 'मिती' यांत वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, लेखनात आधी. उलट 'गाडी' आणि 'माडी' घेतले तर अखेरचे 'डी' हे पूर्ण अक्षर जुळते आणि मागचा कानाही जुळतो. उपांत्य स्वर आणि अंत्य अक्षर एक असावे, ही आपल्या छंदःशास्त्रातील यमकाची अपेक्षा अक्षरलिपीला किती अनुरूप आहे, हे येथे ध्यानात येते. आपल्या पूर्वसूरींनी यमकाची व्याख्या उच्चारखंड चिरून केली नाही. अक्षर धरून केली.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मराठीत लेखन आणि उच्चार यांचा संबंध पुष्कळ नियमित असल्याने, लहरी स्पेलिंगांतून वाट काढण्यासाठी इंग्रजीला यमकाची जी गरज भासते ती आपल्याला नाही. आपल्या मुलाची अडचण निराळी असते : अक्षरांची मोठी संख्या, मात्रांची स्थाने, जोडाक्षरे. कन्नड शिकणाऱ्या मुलांविषयी सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अक्षरसंच आत्मसात होण्यास इंग्रजीच्या मानाने कितीतरी अधिक काळ लागतो आणि सुट्या ध्वनींची जाणीव सावकाश येते, असे दिसते. मराठीलाही हे बऱ्याच अंशी लागू व्हावे. तेव्हा आपल्या वर्गात यमक उपयोगी पडावयाचे असेल तर ते काना-वेलांटीच्या ओळखीसाठी पडेल; त्यासाठी 'घर–सर'पेक्षा 'गाडी–माडी' आधी यावयास हवे. इंग्रजी पुस्तकांची भाषांतरे करताना, किंवा २०२१च्या 'निपुण भारत' अभियानानंतर जे वाचनसाहित्य मोठ्या प्रमाणावर तयार होत आहे ते करताना, हा विवेक कितपत केला जातो याची तपासणी भाषाशास्त्र आणि साहित्य या दोन्ही विभागांनी मिळून करावयास हवी. अंत्य यमक दिसले की पुस्तक वाचनपूर्व तयारीचे झाले, असे समजण्याची चाल पडली आहे.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. यमक वाचनाला मदत करते तसे ते वाचन न येणे झाकूनही ठेवते. पहिलीच्या वर्गात बसून पाहिले तर ओळीखालून फिरणारे बोट एका शब्दावर आणि जीभ तिसऱ्याच शब्दावर असलेली मुले हमखास दिसतात. कविता तोंडपाठ आहे, चित्र ओळखीचे आहे. अक्षराकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. परवच्याची ही जुनी ताकद नव्या चित्रपुस्तकातही काम करीत असते. न्यूझीलंडमध्ये डॉन होल्डवे यांनी १९७९च्या आपल्या ग्रंथात मांडलेली सहवाचनाची पद्धत या अडचणीवरचाच उपाय होती : सर्वांना दिसेल एवढ्या मोठ्या आकाराचे पुस्तक, शिक्षकाची काठी शब्दाखाली, आणि यमकाच्या जागी झाकलेला शब्द. मूल आधी अंदाज करते, मग झाकण काढून अक्षराशी तो ताडून पाहते. आपल्याकडील हुशार शिक्षक हेच काम भिंतीवरच्या तक्त्याने आणि कागदाच्या पट्टीने करीत आले आहेत. त्याला कोणी पद्धतीचे नाव दिले नाही, एवढेच.

मात्र अंदाज कोणत्या कानाने करावयाचा? बालपद्य लिहिणारा कवी 'पाणी' आणि 'मानी' यांचे यमक सदोष म्हणून टाळील. ज्या घरात 'पानी'च म्हटले जाते तेथील मुलाला ते निर्दोष वाटते. छंदःशास्त्राने नाकारलेली कित्येक यमके अशा मुलांच्या बोलीत उपलब्ध असतात, आणि छापील पुस्तकातील काही यमके तिच्यात मोडतात. कोसबाडच्या अनुभवानंतर इतक्या वर्षांनीही आपले बालपद्य एकाच उच्चाराला प्रमाण धरून चालते, ही गोष्ट केवळ भाषाधोरणाची नव्हे, काव्यशास्त्राचीही आहे.

काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका खेड्यातल्या शाळेत मी पहिलीच्या वर्गात मागे बसलो होतो. बाईंनी हाताने तयार केलेले मोठ्या पानांचे पुस्तक मुलांसमोर धरले होते. चित्रात भर उन्हातले झाड आणि त्याखाली विसावलेले काळेभोर कुत्रे. पहिली ओळ झाडाच्या 'छाये'वर संपत होती. दुसरीच्या शेवटी बाई थांबल्या. शब्द होता 'माया'. पुढच्या रांगेतील एका मुलीने चित्राकडे पाहिले आणि ती मोठ्याने म्हणाली, "काया!" कुत्रा काळा होता, तिच्या घरी काळ्याला 'काया'च म्हणतात, आणि यमक छापील शब्दाइतकेच चोख जुळले होते. कान, डोळा आणि अर्थ या तिन्ही दुव्यांवरून ती बिनचूक चालत आली होती. बाई प्रेमळ होत्या. त्या म्हणाल्या, "काया नाही बाळा, काळा म्हणायचं." त्यांनी फळ्यावर 'काळा' लिहिले. मुलांनी ते एका सुरात वाचले. मुलीने 'छाया' आणि 'काळा' हे दोन शब्द हळूच एकामागून एक म्हणून पाहिले, ते जुळत नाहीत हे तिच्या ध्यानात आलेले दिसले, आणि बाईंनी पट्टी काढून 'माया' दाखविले तेव्हा ती खिडकीबाहेर पाहत होती.